लोकांचा माइक

मी आयुष्यभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करून दिला. माझा स्वतःचा तसा बारीकच आहे. बायको म्हणते, भांडतानासुद्धा तुमचं निम्मं ऐकू येत नाही, मग मी उत्तर कशाला देऊ? पण घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आणि इकडे साकीनाक्यापर्यंत कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, परबांचा स्पीकर म्हटलं की तो मान हलवेल. लग्न, बारसं, भीमजयंती, गणपती, प्रचारसभा, शोकसभा, सगळं केलं. सकाळी ज्या भोंग्यातून सनई वाजवली त्याच भोंग्यातून संध्याकाळी कुणालातरी श्रद्धांजली वाहिली, आणि दोन्हीकडे माणसं रडली.

आता धंदा बंद केलाय. बंद केला म्हणजे बंद पडला, खरं तेच सांगतो. गोडाऊनची जागा गेली, सामान भंगारात गेलं, आणि मी घरी बसून टीव्हीचा आवाज कमी-जास्त करतो. दिवाळी अंकवाले म्हणाले, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, त्या लिहितोच. पण शेवटी जे लिहायचंय ते गमतीचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर फराळ कडू लागला म्हणून माझ्या नावाने बोटं मोडू नका.

बाहेरच्या माणसाला वाटतं, स्पीकर लावणं म्हणजे काय, वायर जोडली, बटण दाबलं, झालं. तसं नसतं. माइक स्पीकरच्या बॉक्ससमोर आला की शिट्टी मारतो. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, आणि माणसं भरली की तोच आवाज बसतो, कारण माणसांची अंगं आणि कपडे आवाज पितात. म्हणून रिकाम्या हॉलमधल्या टेस्टिंगवर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला धडा. तो मला तातू मेस्त्रींनी शिकवला. मालवणकडचे, माझे वस्ताद. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी त्यांच्या हाताखाली लागलो. असल्फ्याला एक लग्न होतं. मी बॉक्सच्या बाजूला उभा राहून त्यांना हाताने खूण केली, आवाज झकास आहे म्हणून. ते तिथूनच ओरडले, "हय रवान माका सांगा नको. थय शेवटच्या खुर्चयेर जावन बस. थयसून आयकाक इला तर काम झाला."

ती सवय मला जन्माची लागली. कार्यक्रम सुरू झाला की मी उठून मागे जातो आणि शेवटच्या खुर्चीवर बसतो. तिथे कोण असतं? कडेवर पोर घेऊन उशिरा आलेली बाई. कमी ऐकू येणारा म्हातारा. कामावरून थेट आलेला माणूस, ज्याला मळक्या शर्टात पुढे बसायला लाज वाटते. पुढच्या सोफ्यावरच्याला माइक नसला तरी ऐकू येतंच. माइक त्याच्यासाठी नसतो.

दुसरी सवय माझी स्वतःची. सभा कुठलीही असो, मी स्टेजवरच्या माइकशिवाय एक जादा माइक लांब वायरीवर खाली लोकांत सोडायचो. त्याच्या दांड्याला लाल टेप गुंडाळलेली, म्हणजे गर्दीत हरवायला नको. त्याला आम्ही लोकांचा माइक म्हणायचो. कुणी मागितला नाही, कुणी त्याचं भाडं दिलं नाही. पण तो असला की सभेला चव यायची. एकदा असल्फ्याच्या चौकात एक उमेदवार बोलत होता आणि खालून एका बाईने तो माइक धरला.

"पाण्याचं काय?"

"बघतो ताई."

"बघणार कधी? आत्ता सांगा, सगळे ऐकतायत."

लोक हसले, उमेदवारही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. निवडून आल्यावर त्या गल्लीत नळ आला. माइकमुळे आला असं मी म्हणत नाही. ती बाई मात्र तसंच म्हणायची आणि भेटली की मला चहा पाजायची.

तेव्हाचे पुढारी काही देव नव्हते हं. एक होता, त्याला आवाजात घुमारा पाहिजे असायचा. "परब, माझा आवाज डोंगराला आपटून आल्यासारखा वाटला पाहिजे." मी इको वाढवायचो, आणि त्याचा एक शब्द कुणाला कळायचा नाही. "विकास-कास-कास" एवढंच ऐकू यायचं. लोक खूश, तोही खूश. चांगला दणकून निवडून आला. दुसरा एक भाषणाआधी माझ्या गाडीमागे जाऊन कच्चं अंडं प्यायचा आणि टरफल माझ्या वायरच्या पेटीत टाकायचा. पण हे सगळे उतरून लोकांत यायचे. शिव्या खायचे, चहा प्यायचे, जायचे. लोकांना घाबरायचे, हे महत्त्वाचं.

साकीनाक्याच्या मागच्या अंगाला एक मैदान होतं, बोरीचं मैदान म्हणायचो आम्ही. कोपऱ्यात एक म्हातारं बोराचं झाड होतं म्हणून. पालिकेच्या नकाशात खेळाचं मैदान. कडेने एक वस्ती, बरीच घरं बौद्ध कुटुंबांची, परभणी-जालन्याकडून आलेली, आणि मधेमधे आमच्या कोकणातल्या माणसांची. भीमजयंतीला आणि गणपतीला तिथे स्पीकर माझाच. सुनंदा मला तिथेच पहिल्यांदा दिसली. दुसरी-तिसरीत असेल. वडील साकीनाक्याला लेथवर कामाला. जयंतीला भाषण करायला उभी राहिली तर माइकपर्यंत पोचेना, म्हणून मी घमेलं उलटं करून दिलं. दोन वाक्यं बोलली आणि अडकली. सगळी वस्ती बघतेय. मला वाटलं आता रडणार. तर तिने माइक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "मला पुढचं आठवत नाही, पण मी उतरणार नाही."

केवढ्या टाळ्या पडल्या. आणि खरंच उतरली नाही. आठवलं, मगच भाषण पुरं केलं. पुढे ती त्याच मैदानाच्या कडेच्या खोलीत बालवाडी चालवायला लागली. लग्न वस्तीतच झालं. मला परबकाका म्हणायची. माझ्या नातीने बाराखडी तिच्याकडेच गिरवली.

मग हळूहळू सगळं बदललं. एका दिवसात बदललं असतं तर भांडता तरी आलं असतं. साकीनाक्याला माझे फाटलेले स्पीकर दुरुस्त करून देणारा एक कारागीर होता, त्याचा गाळा काचेच्या बिल्डिंगखाली गेला. तो गावी गेला. सभांना मोठे पडदे आले, ते माझ्याकडे कुठले असणार? इव्हेंट कंपन्या आल्या. ऑर्डर त्यांना जायची, ते दुसऱ्याला द्यायचे, दुसरा मला बोलवायचा. माझ्याच भागात, माझ्याच बॉक्सवर, त्यांच्या नावाचा काळा टी-शर्ट घालून मी उभा. साठी उलटलेला माणूस, पोटावर तो टी-शर्ट ताणून बसायचा. बायको बघून म्हणाली, "हे काय, बारशाला आलेला फुगेवाला दिसताय."

मुलुंडला एका टॉवरमध्ये समारंभ होता. तिथले सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "आवाज आत भरपूर पाहिजे, पण गेटबाहेर जायला नको. आणि बाहेरचा आत यायला नको." गेटबाहेर झोपडपट्टी, तिथेही त्या दिवशी कुणाचं तरी लग्न. मी म्हटलं, साहेब, आवाजाला वॉचमन अडवत नाही. त्यांना विनोद कळला नाही. पण मला वाटायला लागलं, असा तोडगा यांनी कुठेतरी शोधून ठेवलाच असणार.

लोकांचा माइक कधी बंद झाला? एका प्रचारसभेत. इव्हेंट कंपनीचा मॅनेजर कुणाल, तिशीतला, गोड बोलणारा पोरगा. माझी लाल टेप बघून म्हणाला, "काका, ऑडियन्सला माइक नाही द्यायचा. रिस्क आहे."

"कसली रिस्क रे?"

"कुणीपण काहीपण बोलेल ना."

"अरे, मग सभा कशाला घेतली?"

तो हसला. कुणालचा राग नाही मला. नोकरी करत होता बिचारा. त्याच निवडणुकीत दुपारी साहेबांच्या सभेला माझे बॉक्स उतरवले आणि संध्याकाळी त्याच गाडीतून, तेच जनरेटर घेऊन, भाऊंच्या सभेला. साहेब आणि भाऊ म्हणजे आमच्या भागातले दोन पुढारी, एकमेकांच्या जिवावर उठलेले. दुपारी साहेब भाऊंना चोर म्हणाले, संध्याकाळी भाऊ साहेबांना. मी कुणालला विचारलं, "दोन्हीकडे तुम्हीच कसे रे?" तो सहज म्हणाला, "क्लायंट एकच आहे ना काका. दोघांचा खर्च कंपनीच करते."

ही कंपनी म्हणजे कुणालची नव्हे, बोरीच्या मैदानाशेजारच्या जुन्या कारखान्याची जमीन घेतलेली. तिथे त्यांचे काचेचे टॉवर चढत होते. मी त्या दिवशी वायर गुंडाळता गुंडाळता खूप वेळ विचार करत राहिलो. माणूस मत कुणालाही देवो, जायचं ते तिथेच. चौकात त्या बाईने पाण्याचं विचारलं तेव्हा उमेदवाराला तिची भीती होती. आता तिची कशाला वाटेल? ती काय जनरेटर पुरवणार आहे?

मग व्हायचं तेच झालं. कंपनीला मैदान पाहिजे होतं. मैदानाचं आरक्षण बदलून तिथे ऑफिसं आणि त्यांच्या भाषेत जागतिक दर्जाची बाग. कडेच्या वस्तीला माहुलला घरं. माहुल म्हणजे रिफायनऱ्यांच्या शेजारी, कुठे साकीनाका आणि कुठे माहुल. वस्तीतल्या बायका साकीनाक्याच्या गाळ्यांत पॅकिंगला आणि अंधेरीच्या घरांत कामाला. पोरांच्या शाळा इथे. त्या सगळ्याची वाट लागणार होती. पण आरक्षण बदलायचं तर नियमाप्रमाणे लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. जनसुनावणी. पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी. स्पीकरचं काम कुणालच्या कंपनीला, म्हणजे फिरून फिरून मलाच.

सुनंदा घरी आली. "काका, माइक बंद करतील हो ते. मी बोलायला उभी राहिले की हमखास वायर निघेल."

"मी असताना?"

"तुम्ही असलात तरी बटण त्यांचं ना."

बरोबर होतं तिचं. म्हणून आम्ही एक शक्कल काढली. माझा जुना भोंगा आणि बॅटरीवरचा अँप्लीफायर हॉलच्या दाराआड चादरीखाली झाकून ठेवायचा. माइक गेला रे गेला की तो चालू. बालवाडीत तालीम केली. सुनंदाने भाषण पाठ केलं नाही, म्हणाली पाठ केलं की मी विसरते, तुम्हाला माहितेय. काय काय बोलायचं ते फक्त ठरवलं. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी तिला खोकल्याच्या गोळ्या आणून दिल्या. सगळ्यांची भीती एकच, आवाज बंद पडू नये.

सुनावणीच्या दिवशी कुणालने चादर उचलून बघितलं. "काका, हे काय?"

मी चादर परत ओढून घेतली.

"अहो, कुणी माइक बंद नाही करणार. उलट क्लायंटने सांगितलंय, प्रत्येकाचं बोलणं एकदम क्लिअर आलं पाहिजे. रेकॉर्डिंग आहे. आणि खाली फिरायला एक चांगला कॉर्डलेस माइक द्या. तुमच्याकडे ती लाल टेप असते ना, लावा."

काय सांगू, मला आनंद झाला. लोकांचा माइक पुन्हा आला, आणि तोही वायरीशिवाय. इतकं चांगलं मशीन मी आयुष्यात हाताळलं नव्हतं. शिट्टी नाही, खरखर नाही. मी स्वतः लाल टेप गुंडाळली. हॉल भरला तसा मी आवाज जुळवत गेलो, आणि मग शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसलो. स्टेजवर अधिकारी, त्यांच्यासमोर पाण्याच्या बाटल्या, बाजूला कंपनीची माणसं, कॅमेरे. सगळे अगदी सभ्य.

सुनंदा उठली. तिला शब्द शोधावे लागले नाहीत. म्हणाली, "या मैदानात आमची पोरं चालायला शिकली. इथेच आमची लग्नं झाली, इथूनच आमची माणसं शेवटची गेली. हे मैदान आमचं आहे, आणि याचं चांगलं व्हावं असं आमच्याइतकं कुणालाच वाटत नसेल. म्हणून हात जोडून सांगते, हे विकू नका. तुम्ही आम्हाला घरं देताय म्हणता. घर चार भिंतींचं असतं, पण माणूस घरातून उठून कामावर जातो, पोरगं शाळेत जातं, म्हातारी डॉक्टरकडे जाते. ते सगळं तुम्ही कुठे देणार? कंपनीला बाग करायचीय तर तिच्या जागेत करू दे. आमच्या पोरांना धावायला दुसरी जागा नाही." मग माहुलला गेलेल्या ओळखीच्यांचे हाल तिने नावानिशी सांगितले. मग बसली.

अधिकाऱ्यांनी एकदाही मोबाइलकडे बघितलं नाही. मोठे अधिकारी म्हणाले, "ताई, अतिशय चांगलं मांडलंत. आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे." नंतर लाल माइक सगळीकडे फिरला. म्हातारे बोलले, कॉलेजची पोरं बोलली, एक आजी नुसतीच रडली, तीही नीट ऐकू आली. कुणाला कुणी अडवलं नाही. भोंगा चादरीखालीच राहिला.

संध्याकाळी वस्तीत दिवाळी. कुणी पेढे आणले, कुणी ढोल काढला. सुनंदाच्या सासूने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "ऐकलं बाबा त्यांनी. शेवटपर्यंत ऐकलं." मीही नाचलो थोडा, गुडघे दुखेपर्यंत. ही चूक आमच्यासारख्यांनीच करावी. टॉवरमधल्या माणसाने केली नसती. त्याचं रोज कुणीतरी ऐकतं, त्यामुळे ऐकण्याची किंमत काय असते ते त्याला माहीत असतं. आमचं कधी कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. आम्हाला वाटलं, ऐकलं म्हणजे मानलं.

आरक्षण बदलल्याचा हुकूम निघाला. त्यात लिहिलं होतं, लोकांचं म्हणणं सविस्तर ऐकून घेण्यात आलं, सुनावणी नियमाप्रमाणे पार पडली. बस. काय म्हणणं, कुणाचं, त्यातलं पटलं काय, नाही पटलं तर का, काही नाही.

आम्ही ऑफिसात गेलो. तेच मोठे अधिकारी, तसेच सभ्य. चहा मागवला. सुनंदा म्हणाली, "साहेब, तुम्ही तर ऐकलंत सगळं."

"ऐकलं ना. म्हणून तर सांगतो, तुम्हाला पूर्ण संधी मिळाली. काही ठिकाणी गोंधळ होतो, माइक खेचाखेची होते, मग लोक कोर्टात जातात. तुमची सुनावणी इतकी व्यवस्थित झालीय की आता त्यात काही त्रुटीच नाही."

मी बाजूला उभा होतो. आम्ही घाबरत होतो ते माइक बंद पडायला. माइक बंद पडला असता तर आज काहीतरी हातात असतं.

वकील बघितला. तोही तेच म्हणाला, त्यावर मी आणखी लिहीत नाही. नगरसेवकाकडे जावं तर पालिकेची निवडणूक रखडलेली, नगरसेवकच नाही. साहेबांकडे गेलो, भाऊंकडे गेलो. एकमेकांना चोर म्हणणाऱ्या त्या दोघांनी वाक्य एकच ऐकवलं, "विकासाला आमचा विरोध नाही." जसं काही आम्ही विकासाच्या अंगावर धावून गेलो होतो. मी दोघांकडेही हात जोडून उभा होतो. बाहेर आल्यावर माझ्या हातांचीच मला घाण वाटली.

वस्ती गेली. माझं गोडाऊनही त्याच पट्ट्यात, तेही गेलं. मी एकदा माहुलला सुनंदाकडे जाऊन आलो. सातवा मजला, लिफ्ट बंद. सासूने खिडक्या लावून घेतलेल्या, वास येतो म्हणून. बायकांची साकीनाक्याची कामं सुटली, जाण्यायेण्यातच दिवस जायचा. सुनंदा म्हणाली, "इथे पोरं भरपूर आहेत काका. दिवसभर जिन्यात बसलेली असतात. बालवाडीला एक खोली मिळाली तर बघा ना, तळमजल्याला रिकाम्या पडल्यात." ती बोलत होती, मी मान हलवत होतो. कुणाला सांगणार होतो मी?

मैदानाचं भूमिपूजन ठरलं. कुणालचा फोन आला. मी नाही म्हणणार होतो. पण ऐकलं की साहेब आणि भाऊ दोघे येणार, आणि माहुलहूनही बस भरून लोक आणणार. वाटलं, जाऊन बघावं तरी. आता मिक्सरवर कंपनीचा इंजिनीअर, त्याच्या हातात टॅबलेट. माझं काम बॉक्स उभे करायचं आणि वायरी झाकायचं. सवयीने लाल टेपचा माइक पिशवीत टाकून नेला होता. कुणी विचारलं नाही.

बोराचं झाड तोडलं होतं. तिथे स्टेज. साहेब आणि भाऊ एकाच सोफ्यावर, मध्ये कंपनीचे मालक. भाषणं झाली. मग पडद्यावर फिल्म लावणार असं जाहीर झालं. फिल्म आयत्या वेळी आलेली, तिचा आवाज कुणी तपासला नव्हता. माझे पाय आपोआप मागे वळले. शेवटच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर सुनंदा बसली होती.

"तू आलीस?"

"बसमधून आले. म्हटलं साहेब भेटतील, बालवाडीच्या खोलीचं विचारेन. पण पुढे सोडत नाहीत."

मी तिच्या बाजूला बसलो. पडदा उजळला. काचेच्या इमारती, कारंजी, सायकलवर हसणारी पोरं. त्यातलं एकही पोर आमच्या वस्तीतलं नव्हतं. सतार वाजत होती. मग सतार हळू झाली आणि पडद्यावर सुनंदा आली. हातात लाल टेपचा माइक.

"या मैदानात आमची पोरं चालायला शिकली. हे मैदान आमचं आहे, आणि याचं चांगलं व्हावं असं आमच्याइतकं कुणालाच वाटत नसेल."

आणि तिथेच कापलं. पुन्हा सतार, पुन्हा कारंजी. खाली कंपनीचं नाव आणि मोठ्या अक्षरांत, लोकांच्या साथीने.

पुढच्या सोफ्यांवरून टाळ्या आल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, भाऊंनीही. सुनंदा पडद्याकडे बघत राहिली. फिल्म संपून पडदा निळा झाला तरी ती तिकडेच बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडातून जन्मभराच्या सवयीचं तेच निघालं, "आवाज नीट आला ना गं?"

"एकदम क्लिअर आला, काका."

स्टेजवर मंडळी उठायला लागली होती. साहेब मागच्या बाजूने गाडीकडे निघाले. मी घाईने पिशवीतून माइक काढला. कॉर्डलेस नव्हे, माझा जुना, वायरीचा. म्हटलं, "थांब. पुढे खेचून जोडतो कसातरी. इंजिनीअरला मी बघतो. तू बोल. पुढचं सगळं बोल."

तिने माइक हातात घेतला. दांड्यावरची टेप एका जागी सुटली होती, ती अंगठ्याने दाबून बसवली आणि माइक माझ्या पिशवीत परत ठेवला.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "माझं बोलून झालंय."

बाहेर माहुलच्या बसवाल्याने हॉर्न दिला. सुनंदा उठली, चप्पल पायात सरकवली आणि गेटकडे चालायला लागली.